नव्या तारखेचे जुने डबे

तालुक्याच्या गावी आमचे किराणा दुकान असून आसपासच्या धाब्यांकडून मशरूम आणि मक्याच्या डब्यांना बारमाही मागणी असते. एका घाऊक विक्रेत्याने हेच डबे बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दरात देऊ केले. शहरातील एका मॉलची शाखा बंद झाल्याने माल निघाला, असे त्याचे सांगणे होते. प्रत्येक खोक्यातील वरच्या थरातले डबे चकचकीत होते आणि त्यांची मुदतही भरपूर शिल्लक होती.

अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीस आले, तेव्हा त्यांनी खालचा थर बाहेर काढायला लावला. काही डब्यांची झाकणे फुगलेली होती, जोडावर गंज चढला होता आणि तळाची मूळ तारीख थिनरने पुसून तिथे नवी उमटवल्याचे तिरप्या उजेडात दिसत होते. मशरूम, मका हे कमी आम्लतेचे पदार्थ. त्यांचा फुगलेला डबा चाखूनसुद्धा पाहू नये, कारण अशा पदार्थांच्या बंद डब्यात वाढू शकणाऱ्या बॉट्युलिनम जिवाणूच्या विषाला वास नसतो आणि चवही नसते. नमुन्याचे चार भाग करून उरलेला साठा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 38 नुसार जप्त झाला.

खरी मेख बिलात होती. कलम 26 प्रमाणे पुरवठादाराचे बिल हीच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली जाते. या गृहस्थाने त्यावर ‘डबाबंद माल, मिश्र’ एवढेच लिहिले होते. ना ब्रँड, ना बॅच क्रमांक. बिलावर 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक असलेला 14 अंकी अन्न परवाना क्रमांक तेवढा ठळक छापलेला होता, पण अन्न परवान्यांच्या ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर तो दुसऱ्याच जिल्ह्यातील एका बेकरीचा निघाला. जप्त झालेले डबे आपले नव्हेतच, असे तो आता खुशाल म्हणतो. आणि मुदतबाह्य माल विकणाऱ्याला कलम 27 स्वतंत्रपणे जबाबदार धरत असल्याने नोटीस आमच्या नावावर आहे.

स्वस्त डबे घेणाऱ्या दुकानदारांनी बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, टेम्पो उभा असतानाच तो खालच्या थराशी ताडून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत. आमच्याकडे वाहतूकदाराची पावती आहे, तीवर खोक्यांची संख्या व पाठवणाऱ्याचे नाव आहे. पोलीस तक्रारीला आणि नोटिशीच्या उत्तराला तीच जोडली आहे.