चिऱ्याचं घर, राजांगण आणि अठराशे रुपयांचा वायफाय रिपीटर

हा रिपीटर, म्हणजे राउटरचा वायफाय पकडून पुढे पोचवणारा, प्लगात खोचायचा डबा, मे संपता संपता घेतला, आता गणेश चतुर्थी होऊन गेली, म्हणजे चार महिने झाले वापरून. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर एक स्टार आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या, म्हणून बरं झालं थांबलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीतल्या डब्यांची कथा साधारण सारखीच असते.

आधी घर सांगतो नाहीतर पुढचं काही कळणार नाही. गोव्यात म्हार्दोळला आमचं जुनं घर, पणजोबांच्या वेळचं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खिडकीत मांडी घालून बसता येईल एवढ्या जाड, वर मंगळुरी कौलं. मध्ये राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, त्यात तुळस, चारी बाजूंनी सोपा (ओसरी) आणि खोल्या, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर, त्याला लागून माझी खोली, जिथे पूर्वी नारळ ठेवायचे. फायबरवाला आला तेव्हा त्याने पुढच्या खोलीत भिंतीला भोक पाडलं, टीव्हीच्या वर राउटर लावला आणि निघाला. मागे न्या रे म्हटलं तर म्हणे एवढी वायर नाही. आता पुढच्या खोलीत १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ९२-९४ मिळतात आणि माझ्या खोलीत, जिथे मी दिवसभर पुण्याच्या कंपनीचं काम करत बसतो, तिथे ३, कधी २, कधी नुसतं गरगर फिरणारं चाक. मीटिंग आली की लॅपटॉप उचलायचा आणि तुळशीजवळ जाऊन बसायचं. उन्हाळ्यात ठीक आहे हो, जून लागल्यावर काय छत्री धरून बसू?

तर फोंड्याला वरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने आधी तीन डब्यांचा मेश दाखवला, म्हणजे घरभर डबे ठेवून सगळ्यांचं मिळून एकच नेटवर्क, किंमत ऐकून मी दुसरीकडे बघायला लागलो, मग त्याने सगळ्यात स्वस्तातला एन३०० वाला काढला. तो घेऊ नका असं मीच सांगतो, कारण त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ असतो, आणि जो रेडिओ राउटरचं ऐकतो त्यानेच तुमच्या फोनशी बोलायचं, दोन्ही एकदम जमत नाही. पंगतीत वाढायला एकच माणूस असला आणि भाताचं पातेलंही त्यालाच आतून आणायचं असलं की जे होतं ते होतं, वेग अर्ध्यावर येतो. मी घेतला तो एसी१२००, ड्युअल बँड, म्हणजे राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर बोलून तुम्हाला २.४ वर देऊ शकतो किंवा उलट. खोक्यावरचा १२०० आकडा बघून हुरळू नका, तो ३०० आणि ८६७ ची बेरीज करून वर गोल केलेला आहे, आणि तोही कागदावरचा. शिवाय खाली जो लॅनचा, म्हणजे नेटची वायर लावायचा, पोर्ट आहे तो १० बाय १०० वाला, म्हणजे वायर लावली तरी १०० च्या वर काही जाणार नाही. मला चालतं, माझा प्लॅनच तेवढा. ज्यांचा ३०० चा प्लॅन आहे त्यांनी खोक्यावर गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) लिहिलंय का ते वाचून घ्या.

सेटअप. खोक्यावर लिहिलंय, बटण दाबा, दोन मिनिटांत तयार. राउटरचं डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता दोन डबे जोडणारं) दाबलं, मग दोन मिनिटांच्या आत रिपीटरचं दाबलं, दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि गप्प. परत केलं. परत गप्प. चार वेळा पुढच्या खोलीत येरझाऱ्या झाल्यावर आजी म्हणाली, अरे देवाला पाया पडून लाव तरी. नंतर लक्षात आलं की मीच शहाणपणा करून राउटरची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वायफायच्या नव्या कुलपावर, ठेवली होती, आणि डब्ल्यूपीए३ मध्ये डब्ल्यूपीएस चालतच नाही, ते बटण कितीही दाबा. माहितीपत्रकात ही ओळ कुठेही नाही! शेवटी बटणाचा नाद सोडला, फोन रिपीटरच्याच वायफायला जोडला आणि ब्राउझरमधून त्याच्या सेटिंगच्या पानावर गेलो, घरचं नेटवर्क निवडलं, पासवर्ड टाकला, झालं. कंपनीचं अ‍ॅपही आहे पण ते आधी लोकेशन मागतं, मग खातं उघडायला सांगतं, मग ईमेल, एका प्लगसाठी एवढी सोयरीक कशाला. आणि हो, आधी राउटरच्या शेजारीच प्लग लावून सेटअप करा, दिवा निळा झाला की मगच उचलून दुसरीकडे न्या, मी उलट करत बसलो होतो.

आता खरी गोष्ट. दिवा निळा झाल्यावर मी काय केलं, रिपीटर उचलला आणि थेट माझ्या खोलीत टेबलाजवळ लावला. फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या! आई बघायला आली, मी अगदी कॉलर ताठ करून स्पीड टेस्ट लावली. २.१. आधी होतं तेवढंच किंवा त्याहून कमी. आई काही न बोलता चहा ठेवायला गेली. तर त्या काड्या म्हणजे फोन आणि रिपीटर यांच्यातलं नातं, रिपीटर आणि राउटर यांच्यातलं नव्हे. जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे उभं राहून तो बिचारा काय ओरडणार, त्याच्याच कानावर काही पडत नाही तर. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात असं मला वाटतं, जिथे नेट नाही तिथेच डबा लावतात आणि मग डबा बेकार म्हणून परत देतात.

मग फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर उतरवून घेतला आणि घरभर हिंडलो, सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये येतो, तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. पुढच्या खोलीत उणे ४०, देवखोलीत उणे ७०, स्वयंपाकघरात उणे ७८, माझ्या खोलीत उणे ८४. हा आकडा दिसतो त्यापेक्षा लबाड आहे, दर ३ ला ताकद अर्धी होते, म्हणजे ७० आणि ७८ मध्ये सहापटीहून जास्त फरक. रिपीटर लावायची जागा उणे ६० ते ६५ च्या आसपासची हवी, म्हणजे घराच्या साधारण मध्यावर. मध्यावर काय, तर देवखोली, आणि तिथे दोन्ही बाजूंना चिरा.

इथे मला राजांगण आठवलं. चिऱ्यातून आरपार जायला सिग्नलचा जीव जातो, पण मोकळ्या हवेतून त्याला कोण अडवतंय? पुढच्या खोलीचं दार राजांगणात उघडतं आणि समोर पलीकडच्या सोप्यावर, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, एक जुना लाकडी बोर्ड आहे, काळ्या टोपीचे स्विच असलेला, त्यावर एक प्लग पॉइंट. तिथे फोन धरला तर उणे ५८! दोन चिऱ्याच्या भिंती चुकवून तुळशीवरून उडी. रिपीटर तिथे लावला, माझ्या खोलीपर्यंत आता मध्ये एकच भिंत आणि तिला दार, आणि टेस्ट केली तर ३८. परत केली, ४१. पिंगसुद्धा (म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) फार वाढला नाही, पुढच्या खोलीत ६ येतो, मागे १३-१४. त्या दिवशी पहिल्यांदा मी मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवला आणि साहेब म्हणाले अरे तुला दाढी आहे का.

आणि पाऊस लागला. पहिले दोन आठवडे सगळं छान, मग एक दिवस दुपारी स्पीड ९ वर. रिस्टार्ट केलं, राउटर रिस्टार्ट केला, फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केला (तो तसाही पहिल्या दिवशीच करा, माझा डबा रात्री आपोआप डिस्कनेक्ट व्हायचा ते अपडेटनंतर थांबलं). काही फरक नाही. संध्याकाळी आपोआप ठीक. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी जेवून हात धुवायला उठलो आणि बघतो तर काय, बाहेर कपडे सुकत नाहीत म्हणून आईने सोप्याच्या खांबाला दोरी बांधून दोन मोठ्या चादरी आणि आजीची नऊवारी वाळत घातलेली, बरोब्बर राउटरच्या खोलीचं दार आणि रिपीटर यांच्या मध्ये. ओली चादर म्हणजे पाण्याचा पडदाच की, आणि पाणी हे सिग्नल गिळतं. चादरी बाजूला सरकवल्या, आकडा परत पस्तिशीत. आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, तुझ्या इंटरनेटला ऊन लागतं का कपड्यांसारखं?

दुसरी भानगड विजेची. राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण सोप्यावरचा तो जुना बोर्ड नाही. त्यामुळे वीज गेली की राउटर चालू आणि रिपीटर मेलेला, आणि वीज आली की त्याला उठून राउटरला हाक मारायला दीड-दोन मिनिटं. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज गेली की चार वेळा मी मीटिंगमधून गायब. शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने बोर्ड बघितला, रिपीटर हातात घेऊन उलटा सुलटा केला आणि म्हणाला, "हें जाय तरी कित्याक? एक वायर ओड मरे, सोंपलें." म्हणजे हा डबा हवाच कशाला, राउटरपासून एक वायर ओढ की, संपलं. ते तेव्हा मी कानाआड केलं. इन्व्हर्टरची लाइन तिथपर्यंत ओढली, जुना प्लग पॉइंट सैल झाला होता तोही बदलून दिला. पैसे रिपीटरच्या निम्मे गेले, ते या रिव्ह्यूच्या हिशोबात धरायचे की नाही ते तुम्हीच ठरवा. आणि गडगडायला लागलं की राउटर आणि हा, दोन्ही काढून ठेवतो. आमच्याकडे मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमाराला कसं कडाडतं ते माहीत आहेच.

नावाचं पण सांगतो. रिपीटर आपलं वेगळं नेटवर्क काढतो, मूळ नावापुढे शेपूट लावून. मी आधी दोन्हीकडे एकच नाव दिलं, वाटलं फोन आपोआप जवळचं पकडेल. फोन कसले पकडतायत, पुढच्या खोलीतलं एकदा धरलं की मागे येईपर्यंत तेच कवटाळून बसतात, एक काडी राहिली तरी सोडत नाहीत. आजीचा टॅब तर हट्टीच, तिचं कीर्तन ऐन रंगात येऊन अडकायचं. आता दोन वेगळी नावं आहेत, "घर" आणि "मागीलदार", आजीच्या टॅबमधून "घर" काढूनच टाकलं, ती काही पुढच्या खोलीत टॅब घेऊन जात नाही. फिरता फिरता एकाच कॉलवर बोलायचं असेल तर मात्र हे काही उपयोगाचं नाही, त्यासाठी मेशच, तिथे डबे एकमेकांत बोलून फोनला पुढे ढकलतात.

शेजारी होमस्टे झाल्यापासून त्यांचे दोन राउटर चॅनल ६ वर बसलेत (चॅनल म्हणजे वायफायची गल्ली, एकाच गल्लीत गर्दी झाली की सगळ्यांचा वेग पडतो), म्हणून २.४ ला मी आमचा ११ वर नेला. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. हे राउटरमध्ये बदलायचं, रिपीटर मुकाट मागोमाग जातो, त्याला स्वतःचं मत नाही.

चतुर्थीला खरी परीक्षा झाली. मुंबईचे काका, काकू, मडगावची आत्या, पोरंटोरं, मिळून सतरा फोन आणि प्रत्येकाला आरतीचा व्हिडिओ तेव्हाच्या तेव्हा पाठवायचा. डबा हात लावला तर कढत, पण बंद पडला नाही. स्पीड ६-७ वर आला, व्हिडिओ हळूहळू गेले, पण गेले. दुबईला दादाला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगून केलेली सजावट) दाखवायला व्हिडिओ कॉल लावला तो मात्र पुढच्या खोलीतूनच लावावा लागला.

तर माझे साडेतीन स्टार. अर्धा त्या माहितीपत्रकासाठी कापला, एक त्या "दोन मिनिटांत तयार" साठी. फ्लॅटमध्ये राहत असाल, विटांच्या बारीक भिंती असतील, तर चारही देऊन टाका. खरं तर इलेक्ट्रिशियन बोलला तेच बरोबर, याच डब्यात अ‍ॅक्सेस पॉइंटचा मोड आहे, राउटरपासून लॅनची वायर आणून खाली खुपसली की भिंती, चादरी, अर्धा वेग सगळी कटकट मिटते, कॅट६ तर १०० मीटरपर्यंत आरामात जाते आणि आम्हाला पंचवीस पुरे. फक्त ती वायर वाशांवरून न्यायची म्हणजे पाइपात घालायला हवी, वर उंदीर आहेत. वायरवाला चतुर्थीनंतर येतो म्हणाला होता, आता म्हणतो दिवाळी होऊ दे. तोवर आईची कपड्यांची दोरी पलीकडच्या खांबाला बांधून दिली आहे.