खारपाणपट्ट्यात जबड्याची क्लिप: नऊ महिन्यांनंतर

दोनेक महिन्यांपूर्वी माझ्या स्प्लिंटला, म्हणजे जबडा दुखतो म्हणून रात्री दातांवर घालायच्या क्लिपला, उजव्या दाढेपाशी तडा गेला. जिथे करून घेतली त्या दवाखान्यात नेली, तर न बघताच उत्तर मिळालं, "दुरुस्ती होत नाही मॅडम, नवीन घ्या." म्हणजे पुन्हा ४,५०० रुपये. तेव्हाची पावती मागितली तर तीही नाही. तशीच एसटी धरून अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तड्यात ॲक्रिलिक भरलं, घासलं, निळा कागद चाववून दोन्ही बाजूंचा टेका सारखा करून दिला. ४०० रुपये लागले. जे ४०० मध्ये होतं त्याला ४,५०० सांगतात याचा राग अजून गेलेला नाही.

दुखणं जबड्याचं. सकाळी कानापुढे ठणका, जांभई देताना कट्ट आवाज, कानशील जड. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर बोलायचं, त्यामुळे दुपारनंतर तोंड उघडावंसं वाटत नसे. रात्री मी दात खाते हे मला सासूबाईंकडून कळलं. "काऊन वं, रातभर दात खात होती तू? जंताचं औषध घे." घेतलं, काही फरक पडला नाही. डॉक्टरांनी आधी खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, विचारलं. खर्रा-सुपारीनेही तोंड आतून आखडतं आणि उघडेनासं होतं, आपल्याकडे ते पहिल्यांदा तपासावंच लागतं. मी खात नाही. पण तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत, तिथे माझी दोनच मावत होती.

आधी ७०० रुपये वाया घालवले. गरम पाण्यात मऊ करून चावायची रबरी क्लिप ऑनलाइन मागवली होती. मऊ लागली म्हणून झोपेत मी ती जास्तच चावायला लागले आणि ठणका वाढला. सगळ्यांना असं होत नसेल, मला झालं. मग माप देऊन वरच्या सगळ्या दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची करून घेतली. पहिला आठवडा लाळ आणि झोपमोड. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठले आणि कानापुढे काहीच दुखत नव्हतं. त्या दिवशी ज्वारीची भाकर मी बऱ्याच महिन्यांनी न कुस्करता खाल्ली.

आता पाण्याचं. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याने धुवून ठेवलेली क्लिप आठ दिवसांत पांढरी पडली. लाळेतल्या क्षारांचा थर सगळ्यांच्याच क्लिपवर बसतो, पण इथे वरून पाण्यातलेही क्षार. हात लावला तर खरखरीत, जीभ रात्रभर तिथेच जाते. मी टूथपेस्टने घासली, तर ओरखडे पडले आणि थर त्यात आणखी घट्ट बसला. उकळतं पाणी चालत नाही, आकार बिघडतो. शेवटी जमलं ते असं: सकाळी लगेच कॅनच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवायची, आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी यात थोडा वेळ बुडवायची, पुन्हा कॅनच्या पाण्याने धुवून कोरडी करून डबीत. माप घेताना तुम्ही कुठल्या गावच्या, पाणी कसं, हे कुणीच विचारलं नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पेशंटला तरी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

तीन महिन्यांनी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळं क्लिपमुळे. आता तसं म्हणणार नाही. तडा गेल्यावर अकरा रात्री मी तिच्याशिवाय झोपले. सकाळी जबडा थोडा आखडलेला वाटला, पण जुना ठणका आला नाही. अकोल्याच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, व्यायामाने फरक पडलाय. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२३ च्या डिसेंबरमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर सूचना आल्या. त्यात जबड्याचे व्यायाम आणि मानसिक ताणावरचं काम पुढे ठेवलंय, काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटबद्दल मात्र कल नकाराकडे आहे. हे ऐकून मला आधी वाईट वाटलं. मग आठवलं, वह्या तपासताना दात घट्ट आवळलेले मी स्वतःच पकडले होते. तेव्हापासून लाल पेनाला दोरा बांधलाय. दोरा दिसला की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. आणि व्यायाम म्हणजे, सकाळ-संध्याकाळ जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं, त्याआधी गरम फडका. याला एक रुपया लागत नाही.

तरी क्लिप मी सोडलेली नाही. झोपेत दात खाणं थांबलेलं नाही, आणि झिजायचंच तर दाढेऐवजी प्लास्टिक झिजू दे. जोडलेला भाग दीड महिना टिकलाय. तीन बोटं आता मावतात.

पावती मात्र मी घेणारच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पुन्हा त्या दवाखान्यात जाते.