ओलांझापिन: गोळी गुणकारी, पण घरात वजनकाटा हवाच

कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, सगळे आपल्यावरच टपलेत असा पक्का संशय, रात्र-रात्र जागरण: अशा मानसिक आजारात ओलांझापिनचा गुण चांगला येतो. १९९६ पासून ही गोळी वापरात आहे. आता जेनेरिकही मिळते, त्यामुळे इंदूरच्या दवा बाजारात काय किंवा घराजवळच्या मेडिकलवर काय, चिठ्ठी दाखवली की हातात पडते. कामाला पैकीच्या पैकी गुण. वजनाच्या बाबतीत मात्र ती सगळ्या घराची परीक्षा पाहते, आणि हे आधी माहीत असलेलं बरं.

मेंदूत डोपामिन निरोप्याचं काम करतं. आजारात हे निरोप नको तितके जातात आणि साध्या गोष्टीलाही भलताच अर्थ चिकटतो. ओलांझापिन डोपामिनच्या डी-२ ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसते. साधारण ६५ ते ८० टक्के जागा अडल्या की गुण येतो. त्यापुढे गेलं की हात थरथरणं, अंग आखडणं, एका जागी बसवेनासं होणं वाढतं. म्हणून डोस वाढवून द्या असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. झोप पहिल्या दोन-चार दिवसांतच सुधारते, पण आवाज आणि संशय ओसरायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आता भूक. ही गोळी हिस्टामिनच्या ग्राहींवरही बसते, त्यामुळे पोटभर जेवून तासाभरात माणूस पुन्हा डबे उघडू लागतो. तो हावरेपणा नव्हे, औषधाचा परिणाम आहे. त्यावरून त्याला बोलू नका. त्यात आपलं इंदूर! सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलबी, रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली. पहिल्या बारा आठवड्यांत जिलबी घरात आणूच नये. हाताशी ताक, काकडी, मोड आलेली मटकी ठेवावी. दर आठवड्याला त्याच वारी, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहावं. ६० किलोचा माणूस ६३ झाला, म्हणजे ५ टक्के वाढला, की लगेच डॉक्टरांना सांगायचं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी, ती वजनही आवरते) जोडणं किंवा औषध बदलणं तेव्हा सोपं असतं. पंधरा किलो वाढल्यावर ते उतरवणं फार जड जातं. उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि कमरेचा घेर गोळी सुरू होताना एकदा, बाराव्या आठवड्यात पुन्हा आणि मग दरवर्षी.

तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. रात्री उठताना चक्कर येते, म्हणून आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं.

विडी-सिगरेटचं मात्र फारसं कुणी विचारत नाही. धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. हे निकोटिनमुळे होत नाही, त्यामुळे गुटख्याने तसं घडत नाही. रोज बंडलभर विडी ओढणारा पेशंट भरती झाला आणि विडी सुटली, तर त्याच डोसने तो दिवसभर गुंगीत राहू शकतो. विडी सोडताना डॉक्टरांना सांगायलाच हवं.

जिभेवर विरघळणारी गोळी गिळायला कुरकुर करणाऱ्यांसाठी उत्तम. ती दाबून बाहेर काढू नका, चुरा होतो; मागचा कागद सोलून कोरड्या हाताने उचला. औषध तेच, त्यामुळे भुकेत सूट मिळेल असं समजू नका.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. खूप ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला, तर पुढची गोळी न देता लगेच मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत न्यावं.

एकाच कंपनीच्या ५ आणि १० मिलिग्रॅमच्या स्ट्रिपा बऱ्याचदा सारख्या दिसतात. काउंटर सोडण्याआधीच आकडा चिठ्ठीशी ताडून घ्या.