काबुकी-झा : एका अंकाचे तिकीट

टोकियोच्या गिंझा भागातील काबुकी-झा हे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचे नाट्यगृह १८८९ साली सुरू झाले. आजची वास्तू २०१३ मधली. पूर्ण प्रयोग कित्येक तास चालत असल्याने चौथ्या मजल्यावरून एकच अंक पाहण्याचे स्वस्त तिकीट मिळते, आणि नवख्या प्रेक्षकाने तेच घ्यावे, असे माझे मत आहे. नायक डोळे तिरळे करून आवेशाच्या पवित्र्यात क्षणभर थिजतो, त्याच वेळी रंगमंचाच्या कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो आणि तो खणखणीत आवाज थेट छातीत उतरतो. अ‍ॅनिमेतील (जपानी अ‍ॅनिमेशनपटांतील) निर्णायक क्षणी गोठणारे चित्र इथे हमखास आठवते. ‘वन पीस’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१५ मध्ये काबुकी शैलीत रंगभूमीवर आली, यात नवल नाही. स्त्रीभूमिका पुरुषच करतात; बालगंधर्वांचा वारसा जाणणाऱ्या मराठी रसिकाला ही अदाकारी विशेष भावेल. प्रेक्षकांमधून जाणारी पात्रांची वाट जवळून पाहायची असल्यास मात्र तळमजल्याचे तिकीट काढावे.