‘डिग्रीवर ऑनलाइन लिहून येणार नाही’ असं कोणी म्हणालं की उठा

‘‘सर, टेन्शनच घेऊ नका. डिग्रीवर ऑनलाइन असं कुठेही लिहून येणार नाही. एकदम रेग्युलर!’’ हे वाक्य ज्या ऑफिसात कानावर पडेल तिथून हातातला चहा तसाच ठेवून उठा. या एका वाक्यापायी माझे पंच्याऐंशी हजार गेले आणि चाकणची हातात आलेली नोकरीही गेली.

मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. बी.कॉम. आहे, टॅली, जीएसटी, ऑडिट सगळं अंगवळणी पडलंय. पण वरच्या जागेच्या जाहिरातीत एमबीए ठरलेलं, आणि घरचे हप्ते चालू असताना नोकरी सोडून कॉलेजात बसणं शक्य नव्हतं. 2022 मध्ये इंटरनेटवर कुठल्याशा फॉर्मात नंबर टाकला आणि फोनांचा भडिमार सुरू झाला. त्यातल्या एका ‘अकॅडमी’चं ऑफिस पिंपरीतच होतं. काउन्सेलर मॅडमनी समोर कॉम्प्युटर फिरवून यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठाचं नाव दाखवलं. दुसऱ्या राज्यातलं खासगी विद्यापीठ, नाव अगदी खरं.

इथेच ग्यानबाची मेख आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि त्याला अमुक अभ्यासक्रम, अमुक सत्रात, ऑनलाइन चालवायची परवानगी असणं वेगळं. ही दुसरी यादी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर असते. मॅडमनी ती उघडलीच नाही. त्या यादीत त्या विद्यापीठाचं एमबीए नव्हतंच.

अशा अकॅडमी आणि एजंटांचं सगळं दुकान एका भीतीवर चालतं: कंपन्या ऑनलाइन पदवीला विचारत नाहीत. ही भीती हवेतून आलेली नाही. छत्तीसगडमध्ये 2002 च्या कायद्याचा आधार घेऊन शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली होती, त्यातल्या कित्येकांकडे धड इमारत नव्हती. 2005 साली शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली अशी विद्यापीठं काढू देणारी तरतूदच रद्द केली. 2017 मध्ये काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातून मिळालेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या त्याच न्यायालयात अडकल्या. 2020 मध्ये हिमाचलातल्या सोलनच्या मानव भारती विद्यापीठाचं बनावट पदव्यांचं प्रकरण बाहेर आलं, त्यात पदव्यांचा आकडा हजारोंत होता. भरती करणाऱ्या माणसांनी हे सगळं बघितलंय. त्यांनी भुवया उंचावल्या तर नवल नाही.

पण एजंट अर्धीच गोष्ट सांगतो. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार, मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि 2022 मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीरही केलं. शिक्षण कोणत्या पद्धतीने झालं हे कागदावर छापणं नियमातच आहे. म्हणजे तुम्ही ऑनलाइन शिकलात आणि कागदावर ‘रेग्युलर’ आलं, तर तो कागद खोटा आहे, मग विद्यापीठ कितीही खरं असो.

माझ्या गुणपत्रिका कुरिअरने आल्या. जाड कागद, चकचकीत होलोग्राम, ठसठशीत शिक्का. प्रवेश 2022 चा, पण कागदावर सत्र 2021-23. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘‘सर, तुमचं एक वर्ष वाचवलं!’’ कोपऱ्यातला क्यूआर कोड स्कॅन केला की माझं नाव आणि गुण दाखवणारं पान उघडायचं. त्या पानाचा पत्ता आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा पत्ता यात एका शब्दाचा फरक होता. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

चाकणच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, मी राजीनामा दिला, नोटीस पिरियड सुरू झाला. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. एचआरच्या बाईंनी बोलावून घेतलं. समोर दोन कागद होते, एक गुणपत्रिका आणि दुसरा माझा पीएफचा तपशील. ‘‘तुम्ही या दोन वर्षांत तिकडे रोज वर्गात बसत होता आणि त्याच महिन्यांचा पीएफ भोसरीतून भरला गेलाय. हे कसं?’’ तोपर्यंत विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाचंही उत्तर आलेलं होतं: या क्रमांकाची नोंद नाही. रिपोर्ट लाल. ऑफर मागे घेतली.

निघताना त्या जे म्हणाल्या ते मला सगळ्यात जास्त लागलं. ‘‘साधी ऑनलाइन असती तरी आम्हाला चाललं असतं हो. आम्ही तुमचा अनुभव बघून घेत होतो.’’ आमच्याच कारखान्यातला स्टोअर्सचा माणूस नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकून दुसरीकडे सुपरवायझर झाला. त्याच्या पदवीला कोणी नाक मुरडलं नाही. ऑनलाइन एमबीएने पगार दुप्पट होतो वगैरे जाहिराती मात्र मला पटत नाहीत. अनुभव असलेल्याची अडलेली एक पायरी सुटते, तेवढीच अपेक्षा धरावी.

जुन्या साहेबांनी राजीनामा मागे घेऊ दिला, ते उपकारच. पण हप्ते थांबले नाहीत. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जो ओटीपी मागितला होता, ते फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज निघालं. पैसे केव्हाच अकॅडमीच्या खात्यात गेले होते. कोर्स खोटा निघाला हे तुमचं आणि अकॅडमीचं भांडण, आम्हाला हप्ता हवा, असं त्यांचं म्हणणं. भरला नाही तर सिबिल बिघडतं. फी विद्यापीठाच्या नावावर जात नसेल तर एक रुपयाही देऊ नका. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचे कोर्स असे फ्रँचायझीवर चालवायला यूजीसीची मनाई आहे, त्यामुळे ‘आमच्याकडेच ॲडमिशन, आमच्याकडेच परीक्षा’ म्हणणारा तिथेच उघडा पडतो. आणि एलएलबी, नर्सिंग, फार्मसी किंवा बी.ई. ऑनलाइन देतो म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका, या पदव्या अशा मिळतच नाहीत.

2024 पासून एक बरं झालंय. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाला प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याला डीईबीच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो स्वतःच काढा. ‘तुम्ही फक्त आधार आणि ओटीपी द्या, आम्ही काढतो’ असं सांगणारा तुमच्या नावावर काय काय काढेल याचा भरवसा नाही.

पिंपरीचं ऑफिस आता बंद आहे, पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही नोंद केली आहे. माझ्यासारखे आणखी काही जण भेटले. तुम्हीही याच वाटेने अडकला असाल, तर पावत्या, चॅट आणि कुरिअरचं पाकीटसुद्धा जपून ठेवा आणि मूळ गुणपत्रिका ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून एजंटला परत देऊ नका. आमच्यातल्या एकाने दिली. आता त्याच्याकडे पुरावा म्हणून फक्त झेरॉक्स उरली आहे.