धक्क्यावरचा लिलाव की बाजारातली मावशी?

मासळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर जाऊन आणावी की बाजारातल्या नेहमीच्या मावशीकडून घ्यावी, हा प्रश्न आमच्या घरात तीन-चार वर्षं रेंगाळत होता. दोन्हीकडून घेऊन पाहिलं, म्हणून लिहितो आहे.

धक्क्यावर भाव आपल्या डोळ्यांदेखत ठरतो. पहाटे पहिल्या बोटींचा माल चढा जातो. मागोमाग आणखी बोटी लागल्या की त्याच मासळीचा भाव तासाभरात उतरलेला मी पाहिला आहे. एक्स्पोर्टवाल्यांची माणसं मोठं पापलेट आधी उचलतात, त्यामुळे पंजाएवढं पापलेट आणि त्याहून दोन बोटं मोठं पापलेट यांच्या किलोच्या भावात केवढं तरी अंतर पडतं. मासा कोणता याइतकंच नग केवढा हेही महत्त्वाचं, हे मला तिथेच उमगलं. घरी हळद असेल, पंचवीस-तीस पानं उठायची असतील, तर धक्क्यावर जाणंच शहाणपणाचं.

मात्र धक्क्यावरचा मासा म्हणजे ताजाच, असं सरसकट धरू नका. डोल जाळी लावणारी होडी बहुधा लवकर परत येते. मोठा ट्रॉलर आठ-आठ दिवस बाहेर असतो, आणि पहिल्या दिवशी लागलेली सुरमई तेवढे दिवस बर्फातच असते. शिवाय डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च लांबच्या फेरीत वाढतो, आणि तो भावात उतरतोच. लिलावाच्या घाईत कल्ले उघडून बघायला मला तरी कधी सवड मिळाली नाही.

माझं मन फिरलं ते पाटीमुळे, म्हणजे मासळीच्या टोपलीमुळे. लिलाव पाटीचा, किलोभर कोण देणार? म्हणून आम्ही शेजारची तीन घरं मिळून घ्यायचो. पाटीत वर मोठे हलवा मासे, खाली लहान. घरी आणून वर्तमानपत्रावर पसरायचे आणि वाटे घालायचे. कसेही घातले तरी एका घराकडे लहान नग जास्त जायचे. एकदा शेजारच्या काकांनी काही न बोलता त्यांच्या वाट्यातले दोन मोठे हलवे माझ्याकडे सरकवले. मला ते फार लागलं. टॅक्सी, बर्फ आणि साफ करायचे पैसे धरले तर त्या दिवशी वाचले होते जेमतेम शंभर-सव्वाशे रुपये.

मावशीकडे भाव जास्त, यात वाद नाही. पाटीचा भाव, टेम्पो, बर्फ आणि संध्याकाळी उरलेल्या मालाचा तोटा, हे सगळं तिला त्यातूनच काढायचं असतं. पण ती वाटा मोडून थोडी मासळीही देते, आणि कधी घेऊ नये हेही सांगते. अष्टमीच्या सुमाराला ती मला म्हणाली, "आज बोंबील नको घेऊस, भांग आहे. पुनवेला ये." डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर भरतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, ओढ कमी, म्हणून बोंबील, करंदी, मांदेली कमी लागतात आणि महागतात. उधाणाला, म्हणजे पुनव-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, तेच मासे भरपूर मिळतात. तेव्हापासून मी कॅलेंडरात आधी तिथी बघतो.

१ जून ते ३१ जुलै हे पावसाळी मासेमारीबंदीचे ६१ दिवस कुठेही गेलात तरी महागच पडतात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे नंतर तिकडचा बर्फातला माल येऊ शकतो. मावशी तो वेगळा ठेवते आणि विचारलं की कुठला ते सांगते. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा सुटतात आणि बहुतेक वर्षी तेव्हाच श्रावण असतो. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. श्रावण न पाळणाऱ्या घरांना मासळी स्वस्त पडायचे वर्षातले हे दिवस, असा माझा अनुभव आहे.

तुमचं कुटुंब मोठं असेल, धक्का जवळ असेल आणि पहाटे उठायची सवय असेल, तर तुमचं गणित कदाचित वेगळं येईल. चार माणसांच्या घरासाठी मी मावशीकडेच जातो, शक्यतो सकाळी अकराच्या आत. तेव्हा पाटीत निवड असते, आणि न विचारता ती स्वतःच कल्ला उचलून दाखवते.