कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीचे झाकण पाहणारे गॅरेज

माझी शंभर सीसीची जुनी गाडी सोलापूरच्या होटगी रस्त्याने चार-पाच किलोमीटर गेली की गुदमरून बंद पडत असे आणि दहा मिनिटांनी, काहीच न घडल्यासारखी, पुन्हा सुरू होत असे. आधीच्या एका मेकॅनिकने पेट्रोल पंप गेल्याचे निदान केले. वास्तविक या गाडीला पंपच नाही, पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, उतरते.

अक्कलकोट रस्त्यावरील या छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी कार्बोरेटरला हात लावण्याआधी त्याची पेट्रोलची नळी सोडून बाटलीत धरली. सुरुवातीची जाड धार हळूहळू थेंबांवर आली, मात्र टाकीचे झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज होऊन ती पूर्ववत झाली. झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजल्यामुळे टाकीत निर्वात निर्माण होत होता. सोलापूरच्या फुफाट्यात यात नवल ते काय!

चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून असलेली कळ) ओढल्याशिवाय गाडी आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता, चालू राहत नसल्याने त्यांनी पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल पुरवणारा बारीक छिद्राचा भागही साफ केला, तोही तारेने न टोकरता, कारण तारेने छिद्र मोठे होते. क्लीनर आणि हवेचा झोत एवढ्यावरच भागले.

शनिवारी दोन तास ताटकळावे लागले आणि पक्के बिल मिळाले नाही, हे खटकले. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या), कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांच्या पंपाचा दाब मोजण्याचे गेज येथे नाही. तसे ते स्वतःच सांगून गिऱ्हाईक परत पाठवतात.